साठ प्रश्न आणि एक रिक्रूट

फोनने मला रिक्रूट ठरवलं. ६० पैकी ४१ गुण, खाली एका गोलमटोल शिपायाचं चित्र, त्याच्या डोक्याला दोन नंबर मोठं हेल्मेट आणि शेजारी ओळ: ‘अजून सराव हवा’. २२ वर्षं पायदळात काढली, त्यातली सहा नव्या पोरांना नकाशा शिकवण्यात गेली, आणि निवृत्त होऊन ११ वर्षं झाल्यावर हे वाट्याला आलं. भाचा शेजारीच बसला होता. तो हसला नाही, हे त्याच्या खात्यावर जमा करतो. त्याला स्वतःला ३७ पडले होते, म्हणूनही असेल.

पायदळाच्या ज्ञानाची ही प्रश्नमंजुषा, म्हणजे एक ॲप, त्यानेच माझ्या फोनवर चढवून दिली. ‘मामा, तू तर डोळे झाकून पास होशील,’ असं म्हणाला. बनवणाऱ्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय की हे कुठल्याही सैन्याचं अधिकृत काही नाही, गंमत म्हणून खेळा. गंमत येते का, तर येते, आणि खरं म्हणजे परीक्षण इथेच संपायला हवं. पण तीन आठवड्यांत मी ती १४ वेळा सोडवली आहे. एवढ्या वेळा मार खाल्ला की माणसाकडे बोलायला बरंच साठतं.

मांडणी साधी आहे. सहा विभाग, प्रत्येकात १० प्रश्न: नकाशा आणि होकायंत्र, फिल्डक्राफ्ट (म्हणजे जमिनीवर दडणं आणि दडलेल्याला हेरणं), नेमबाजी आणि अंतराचा अंदाज, तुकडीच्या रचना, रेडिओ, प्रथमोपचार. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि ३० सेकंद. उत्तर दिलं की बरोबर-चूक कळतं आणि खाली दोन-तीन ओळींचा खुलासा येतो. शेवटी हुद्दा मिळतो. ४५ च्या खाली रिक्रूट, ५५ पासून वर इन्स्ट्रक्टर. मधल्यांची नावं सांगत नाही, मला ती बरेच दिवस दिसलीच नव्हती.

सुरुवात नकाशाने होते, म्हणजे माझ्या अंगणात. इथे मला १० पैकी ९ पडले. गेलेल्या एकाबद्दल पुढे सांगतो, आधी चांगलं सांगू दे. या विभागातला एक प्रश्न इतका नेमका आहे की मी वर्गात असतो तर तसाच्या तसा फळ्यावर काढला असता. तुम्ही टेकडीच्या माथ्यावर उभे आहात. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, माथ्याजवळ विरळ आहेत आणि पायथ्याकडे दाट होत जातात. पायथ्याशी कुणी हालचाल केली तर तुम्हाला दिसेल का? भाच्याने ‘दिसेल’ दाबलं. उंचावरून सगळं दिसतं, असा त्याचा हिशोब. पण वर विरळ आणि खाली दाट म्हणजे उताराचं पोट फुगलेलं. माथ्यावरच्या माणसाला त्या पोटाच्या कडेपर्यंतच दिसतं, खालची जमीन पोटाआड जाते. तिला आम्ही डेड ग्राउंड म्हणतो. उलट वर दाट, खाली विरळ असेल तर उताराचं पोट आत गेलेलं असतं, आणि माथ्यावरून थेट पायथ्यापर्यंत नजर पोचते. मी जमिनीवर बसून उशीवर गोधडी टाकली, दोन्ही उतार करून दाखवले आणि त्याला पेनाचं टोपण लपवायला लावलं. पाच मिनिटांत कळलं त्याला. ॲपच्या खुलाशात हे सगळं तीन ओळींत होतं, चित्र नव्हतं. चित्र हवं होतं.

बाकीचे प्रश्नही बरे आहेत. ग्रिड रेफरन्स म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून आकड्यांत सांगितलेली जागा. चार आकडी एक किलोमीटरचा चौकोन सांगतो, सहा आकडी १०० मीटरचा, आठ आकडी १० मीटरचा. आधी पूर्वेचा आकडा, मग उत्तरेचा. मी पोरांना ‘आधी चाल, मग चढ’ असं पाठ करायला लावायचो, आणि तरी प्रत्येक तुकडीत एक जण आधी चढायचाच. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन; उलट बेअरिंगसाठी १८० अंश मिळवायचे की वजा करायचे, हेही विचारलंय. नेस्मिथच्या नियमावर एक छान गणित आहे. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक. त्याने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा असा: सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे नकाशावर १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. पाठीवर ओझं आणि रांगेत तिसाव्या नंबरवर असलात तर किती, ते नेस्मिथने सांगितलेलं नाही. रांगेतल्या तिसाव्याला विचारा.

मिलचा, म्हणजे सैन्यात कोन मोजायच्या एककाचा, प्रश्नही इथेच आहे. पूर्ण वर्तुळात किती मिल? पर्याय ३६०, ६०००, ६२८३ आणि ६४००. बरोबर उत्तर ६४०० धरलंय. मी तेच दाबलं, गुण मिळाला, तरी मनात खुपलं. सोव्हिएत पद्धतीत वर्तुळाचे ६००० भाग करतात. गणिताने काटेकोर जायचं तर मिलिरेडियन ६२८३ भरतात. म्हणजे चारपैकी तीन पर्याय कुठल्या ना कुठल्या वहीत बरोबर आहेत. ‘नाटोच्या होकायंत्रावर’ एवढे दोन शब्द प्रश्नात घातले असते तर काम झालं असतं. हे दोन शब्द न घालण्याची खोड पुढे एका अख्ख्या विभागाचा नाश करते.

आता तो गेलेला गुण. प्रश्न होता: चित्रातल्या या रेषा सोंड दाखवतात की घळ? सोंडेवर समोच्च रेषांचं टोक उताराकडे असतं, घळीत ते चढाकडे. हे मी सहा वर्षं रोज सांगितलं. पण चढ कुठला आणि उतार कुठला हे कळायला रेषेवरचे आकडे वाचता यायला हवेत, आणि फोनच्या पडद्यावर ते आकडे म्हणजे मुंगीची पावलं. चिमटीने चित्र मोठं करायला गेलो तर ॲपला वाटलं मी उत्तर दाबलं. घळ. चूक. सोंड होती. भाचा म्हणाला, ‘मामा, हा तर तुझाच विषय ना?’ त्याच्याशी मी जेवणापर्यंत बोललो नाही.

फिल्डक्राफ्टच्या विभागासाठी हे ॲप फोनवर ठेवावं, असं मी कुणालाही सांगेन. १० पैकी १० मला पडले म्हणून नव्हे. इथे प्रश्न चित्रांचे आहेत आणि प्रत्येक चित्रात जमीन आहे. शेत, पडकं घर, ओढ्याची कड, माळ. चित्रात माणूस दडलेला असतो आणि तो का दिसला हे विचारतात, फक्त कुठे आहे एवढंच नाही. आकार, चमक, सावली, आकाशरेषेवरची छाया, पृष्ठभागाचा पोत, माणसामाणसांतलं सारखं अंतर, हालचाल. एका चित्रात पाच झुडपं आहेत आणि पाचही सारख्या अंतरावर. निसर्ग असं मोजून पेरत नाही. दुसऱ्यात पडक्या घराच्या दोन खिडक्या आहेत: एकीत माणूस चौकटीला टेकून उभा, दुसरीत खोलीच्या आत चार पावलं मागे अंधारात. आतला दिसायला मला दहा सेकंद लागले, आणि मी तो शोधत होतो. याला म्हणतात प्रश्न काढणं.

भाचा फोनवर बंदुकीचे खेळ खेळतो. त्याला इथे ६ पडले. एका प्रश्नात विचारलंय की गोळीपासून आडोसा कुठला: दाट झुडूप, मोटारीचं दार, लाकडी कुंपण की मातीचा बांध? त्याने मोटारीचं दार निवडलं, कारण खेळात दाराआड माणूस वाचतो. दार म्हणजे पत्रा. नजरेआड होणं वेगळं आणि गोळीआड होणं वेगळं, हा फरक पायदळात पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि खेळ नेमका तोच पुसून टाकतात. बांधाआडून बघायचं कसं, हेही विचारलंय: वरून डोकं काढून नाही, बाजूने, शक्य तितकं जमिनीलगत.

याच विभागात एक प्रश्न आहे की समोरची जमीन नजरेने कुठल्या दिशेने विंचरावी. उत्तर: उजवीकडून डावीकडे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे त्या दिशेने डोळा सवयीने घसरत जातो, शब्द गिळावेत तसा झुडपं गिळतो. उलट्या दिशेने गेलं की त्याला अडखळत जावं लागतं, आणि अडखळलेला डोळा नीट बघतो. हे मी शेकडो वेळा शिकवलंय. भाचा म्हणाला, ‘मग जे लोक वाचतातच उजवीकडून डावीकडे, त्यांच्या सैन्यात काय शिकवतात?’ २२ वर्षांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. त्याला अर्धं मिनिट पुरलं.

रात्रीच्या नजरेवर दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही चोख. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला सुमारे ३० मिनिटं लागतात, आणि ती घालवायला पांढऱ्या उजेडाचा एक झोत पुरतो. अंधारात वस्तूकडे थेट बघितलं तर ती विरघळते, जरा बाजूला बघितलं तर उमटते. अचानक उजेड पडला तर एक डोळा मिटून घ्यायचा, म्हणजे तो तरी कामाचा राहतो. खुलाशाखाली मला आपली एक गोष्ट जोडावीशी वाटली. रात्रीच्या एका सरावात मी, उस्ताद, रस्ता चुकल्याची शंका आली म्हणून पांढरी बॅटरी लावून नकाशा बघितला. बॅटरीवर बसवायची लाल काच खिशात होती. नकाशा बरोबर निघाला, रस्ताही बरोबर निघाला, आणि पुढच्या वीस पावलांत मी कमरेएवढ्या चरात गेलो. मागची ११ पोरं शिस्तीत एकामागून एक माझ्या मागे आली. चरात सगळ्यात वरच्याने विचारलं होतं, ‘उस्ताद, हा चर नकाशात आहे का?’

‘शिस्त’ शब्द आलाच आहे तर सांगतो. आमच्या फायरिंग रेंजवर शिस्त म्हणजे नेम. ‘मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगरवर ताबा’ ही तीन वाक्यं झोपेतून उठवून विचारलं तरी कुठलाही शिपाई सांगेल. शाळेत शिस्त म्हणजे गप्प बसणं हे ऐकून आलेल्या मुलाला ‘शिस्त घे’ म्हटलं की तो आधी सावधान होतो.

नेमबाजीचा विभाग मात्र अर्धा वाया घालवलाय. पाच प्रश्न कुठल्या रायफलीचा कॅलिबर काय आणि मॅगझिनमध्ये गोळ्या किती असले आहेत. ती जत्रेतली माहिती. भाच्याला या विभागात ८ आणि मला ७, त्यातच काय ते समजा. उरलेले पाच मात्र अस्सल. अंतराचा अंदाज घेताना सूर्य तुमच्या पाठीमागे असेल तर वस्तू आहे त्याहून जवळ वाटते, डोळ्यावर असेल तर लांब. मध्ये डेड ग्राउंड असेल तर जवळ वाटते. तुम्ही पालथे पडला असाल तर लांब. भडका दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

आणि ‘क्रॅक आणि थंप’. हा प्रश्न ज्याने काढला तो एकदा तरी बटमध्ये, म्हणजे निशाणांखालच्या खंदकात, बसलेला असणार. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी डोक्यावरून गेली की आधी चाबकासारखा कडाका ऐकू येतो, आणि मग मागून रायफलीचा दबका धप्प. नवखा माणूस कडाक्याकडे वळतो, आणि तो फसवतो. गोळी झाडणारा धप्पच्या दिशेला असतो. दोन्हींच्या मध्ये एक सेकंद गेला तर तो ढोबळमानाने ६०० मीटरवर आहे. इथे त्यांनी आवाज ऐकवून विचारायला हवं होतं. ॲपमध्ये आवाजाची सोय आहे, कारण उत्तर चुकलं की बिगूल वाजतो. तोही बेसूर. तो आधी बंद करा.

रेडिओत मला ५ पडले. सबब तयार आहे: माझ्या नोकरीभर रेडिओ ऑपरेटरच्या पाठीवर होता आणि मी फक्त बोलायचं बटण दाबायचो. भाच्याला ९. प्रश्न मात्र झकास आहेत. ‘ओव्हर अँड आऊट’ कुणी म्हणत नाही, कारण ओव्हर म्हणजे आता तू बोल आणि आऊट म्हणजे माझं संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणजे दार उघडं ठेवून कुलूप लावण्यासारखं. नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही, ‘से अगेन’ म्हणायचं. तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे त्याच ठिकाणी पुन्हा मारा कर. ‘रॉजर’ म्हणजे ऐकलं, एवढंच. करतो म्हणायला ‘विल्को’ आहे. हे मला येत होतं. मी आपटलो स्पेलिंगवर. रेडिओवर अक्षरं शब्दांनी सांगायच्या, १९५६ पासून चालत आलेल्या अक्षरमालेत (ए म्हणजे आल्फा, जे म्हणजे ज्युलिएट) आल्फा ‘पीएच’ने नाही तर ‘एफ’ने लिहितात, आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन ‘टी’ असतात, म्हणजे फ्रेंच माणूस शेवटचा ‘टी’ गिळणार नाही. पायदळाच्या माणसाने हे लिहून कधी दाखवायचं? तो बोलतो. चार गुण याच्यात गेले आणि एक घाईत.

आता तुकडीच्या रचना. इथे मला ४ पडले आणि मी फोन बाजूला ठेवून पाणी प्यायला उठलो. ‘सेक्शनमध्ये किती माणसं?’ सेक्शन म्हणजे पायदळाची लहान तुकडी. पर्याय ६, ८, ९, १०. ब्रिटिश सेक्शन आठांचा, चार-चारच्या दोन फायर टीम. अमेरिकी स्क्वाड नऊचा, त्याच दोन टीम आणि वर एक कमांडर. मी ज्या सेक्शनमध्ये वाढलो त्यात दहा माणसं होती, दहांची नावं मला आजही क्रमाने येतात. ॲप म्हणतं आठ. कुणाचे आठ, ते सांगत नाही. ज्याने ब्रिटिश पुस्तिका वाचली तो पास, बाकी जग नापास. या विभागात असे चार प्रश्न आहेत.

दुसरं दुखणं त्याहून मोठं आहे. ‘सगळ्यात चांगली रचना कोणती?’ एकेरी रांग, आडवी ओळ, ॲरोहेड (बाणाच्या टोकासारखी) की डायमंड (चौकटच्या आकाराची). कुठे? दिवसा की रात्री? समोर काय? एकेरी रांग रात्री पायवाटेवर सोन्यासारखी, कारण माणूस हरवत नाही आणि हाताच्या खुणेवर काम होतं. तीच रांग समोरून मारा आला तर निकामी, कारण पहिल्या एक-दोघांशिवाय कुणाला गोळी झाडता येत नाही. आडवी ओळ शेवटच्या धावेला बरी, समोर सगळ्या बंदुका मोकळ्या, पण बाजूने मारा आला की तीच ओळ रांग होते, आणि झाडीत तिला सांभाळता सांभाळता कमांडरचा घसा बसतो. उघड्या जमिनीवर, शत्रू कुठे आहे ते माहीत नसताना, ॲरोहेड. फिल्डक्राफ्टमध्ये ज्यांनी जमीन दाखवून प्रश्न विचारले, त्यांनीच इथे जमीन काढून घेतली. वेगळ्या माणसाने काढलेले प्रश्न असावेत. जमीन दाखवा, मग सांगतो, असं मी फोनला मोठ्याने म्हणालो.

भाच्याने इथे ५ मिळवले, म्हणजे माझ्याहून एक जास्त. कसे, ते त्याने चौथ्या दिवशी कबूल केलं. ‘मामा, जो पर्याय सगळ्यात लांब, तो बरोबर.’ मी तपासलं. ६० पैकी निदान २० प्रश्नांत खरं आहे. बरोबर उत्तराला ‘साधारणतः’, ‘परिस्थितीनुसार’ अशी शेपटं लावलेली असतात, चुकीची उत्तरं दोन शब्दांची. प्रश्न काढणाऱ्याने एवढी काळजी घ्यायला हवी होती. पण शत्रूच्या सवयी टिपणं हेही पायदळाचंच काम, म्हणून मी त्याचे गुण कापले नाहीत.

प्रथमोपचाराने मला खरं हलवलं. ६ गुण. चारातला एक चुकीचा मी इतक्या खात्रीने दाबला होता की लाल रंग आल्यावर ॲपच चुकलं असं धरून चाललो. मांडीतून धारेने रक्त जातंय, पहिलं काय कराल? मी ‘जखमेवर दाब द्या आणि पाय उंच करा’ दाबलं. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हात किंवा पाय करकचून आवळायचा पट्टा, हा शेवटचा उपाय, तो लावला की अवयव गेला असं समजा, हे मला शिकवलं होतं आणि मीही पुढे तेच शिकवलं. ॲप म्हणतं: हातापायातून जीवघेणा रक्तस्राव होत असेल तर टूर्निके आधी, जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांध्यावर नाही, आणि लावल्याची वेळ लिहून ठेवा. माझ्याबरोबर पलटणीत नर्सिंग असिस्टंट असलेल्या मित्राला फोन लावला. तो माझ्यापेक्षा सात वर्षं उशिरा निवृत्त झाला. म्हणाला, ‘पुस्तक बदललं रे. कधीच बदललं.’ रणांगणावरच्या प्रथमोपचाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं १९९६ मध्ये छापून आली, इराक आणि अफगाणिस्तानातल्या अनुभवाने ती पक्की झाली. हातापायातून वाहून गेलेल्या रक्ताने माणसं मरत होती, आणि ते मरण थांबवता येण्यासारखं होतं. श्वासनलिका पहिली, हा जुना क्रमही बदलला. आता धो-धो वाहणारं रक्त आधी.

मी त्याला विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? तो म्हणाला, तू नकाशात होतास.

तेव्हा माझ्याच हाताखालून गेलेल्या पोरांचे चेहरे आठवत रात्री बराच वेळ जागा होतो. त्यांना नंतर कुणीतरी नवं शिकवलंच असेल, पलटणीत दरवर्षी उजळणी असते. तरी. या एका प्रश्नासाठी मी या ॲपचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले असते, बिगूल सोडून. एक सांगायला हवं: टूर्निके फोनवर शिकू नका. शिकवणाऱ्या माणसाच्या समोर, स्वतःच्या मांडीवर, करकचून आवळून बघा. दुखतं, आणि दुखेपर्यंत आवळावं लागतं हे वाचून कळत नाही.

३० सेकंदांची मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन काढता येते, हे मला सहाव्या फेरीत कळलं. नकाशासाठी काढाच. रेडिओसाठी ठेवा, कारण तिथे खरंच विचार करायला वेळ नसतो. दर दहा प्रश्नांनी एक जाहिरात येते. आठ-दहा फेऱ्यांनंतर प्रश्न फिरून तेच येतात, फक्त पर्यायांची जागा बदललेली असते. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी सोपी आहे, पण घळ आणि सोंड यांना इंग्रजीत काय म्हणतात हे माहीत नसलेल्या डोंगरातल्या मुलाचा गुण जमीन येत असूनही जाईल.

ज्यांना हे वाचून पाय शिवशिवतील त्यांना सांगतो, गंमत म्हणून पायदळाची कसोटी देण्याच्या जुन्या वाटा आहेतच. नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावायचा ओरिएंटिअरिंग हा खेळ सैन्यातूनच बाहेर आला, नॉर्वेत १८९७ मध्ये त्याची खुली स्पर्धा झाली होती. नेदरलंड्समध्ये नाइमेखनला १९०९ पासून चार दिवसांची चाल होते. सैनिक गटांना रोज ४० किलोमीटर, पाठीवर १० किलो, आणि त्यांच्या शेजारून हजारो साधे नागरिक हौसेने चालत असतात. वेल्समधली केंब्रियन पॅट्रोल ही सैनिकी स्पर्धा हौशी लोकांसाठी नाही, आठ जणांची गस्त, सुमारे ६० किलोमीटर, ४८ तास, आणि वाटेत नकाशा, निरीक्षण, रेडिओ, प्रथमोपचार, म्हणजे याच ॲपचे विभाग, फक्त पावसात. पर्याय दिलेले नसतात.

आम्ही दोघांनी त्यातल्या त्यात सोपं केलं. मोकळ्या मैदानावर गेलो, दहा वस्तू निवडल्या, अंतराचे अंदाज वेगवेगळे लिहिले आणि मग पावलांनी मोजले. माझी १०० मीटरला ६३ दुहेरी पावलं होतात, नोकरीत ६० व्हायची. एका झाडाला त्याने २५० म्हटलं, मी ४००. निघालं ३७०. पाण्याच्या टाकीला मी ६०० म्हटलं, त्याने ८००, आणि ती ८१० निघाली. सूर्य आमच्या पाठीमागे होता. मघाशीच सांगितलेला नियम, मी स्वतः विसरलो.

पाचपैकी साडेतीन तारे. फिल्डक्राफ्टला पाच, नकाशाला चार, प्रथमोपचाराला चार, रेडिओला साडेतीन, नेमबाजीला अडीच, रचनांना दोन. चौदाव्या फेरीत मला ५४ पडले. इन्स्ट्रक्टरला ५५ लागतात. कुठला प्रश्न राहिला ते मला माहीत आहे. दरवेळी तो येतो, दरवेळी मी १० दाबतो, आणि बिगूल बंद असल्यामुळे आता नुसता पडदा लाल होतो.